ठाण्यात राहून स्वतःचं गाणं: कागदापासून पाकिटापर्यंत

ठाणे आणि नवी मुंबईत गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची वानवा नाही. घंटाळीपासून घोडबंदर रोडपर्यंत आणि ऐरोलीपासून खारघरपर्यंत कुठल्याही मोठ्या सोसायटीत विचारा, पेटी, गिटार नाहीतर कीबोर्ड घेऊन बसलेलं कुणीतरी सापडतंच. वानवा आहे ती पुढच्या कामाची. गाणं तयार होतं, यूट्यूबवर चढतं, ओळखीचे लोक अभिनंदन करतात आणि तिथेच ते थांबतं. दोन वर्षांनी त्याच गाण्याला जाहिरातीसाठी मागणी आली, की चाल नक्की कुणाची यावरून जुने मित्र एकमेकांशी बोलेनासे होतात.

माझं मत पक्कं आहे: स्वतंत्र कलाकाराचं पोट एका मोठ्या संधीवर भरत नाही. ते पाच-सहा लहान वाटांनी भरतं, आणि त्यातली जवळपास प्रत्येक वाट गाणं जन्मतानाच कागदावर मोकळी करून ठेवावी लागते. म्हणून इथे एकच गाणं हाती धरून, शब्दांपासून बँक खात्यापर्यंतच्या पायऱ्या क्रमाने मांडतो.

पायरी १: शब्द कुणाचे, ते आधी ठरवा

स्वतः लिहीत असाल तर प्रश्न नाही. पण आपल्याकडे कवितेला चाल लावण्याची परंपरा मोठी आहे, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. भारतात साहित्यकृतीचा कॉपीराइट कवीच्या हयातीत असतो आणि निधनानंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं टिकतो. संतांचे अभंग, ओव्या, गवळणी मोकळ्याच आहेत. बालकवी १९१८ मध्ये गेले, मर्ढेकर १९५६ मध्ये. दोघांच्याही हयातीत छापलेल्या कवितांना आज परवानगी लागत नाही. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कवितेसाठी २०५९ संपेपर्यंत वारसांची किंवा हक्कधारकाची लेखी परवानगी हवी. "आम्ही फक्त यूट्यूबवर टाकतोय, पैसे थोडेच घेतोय" हे कायद्यापुढे टिकत नाही.

हयात कवीकडे जाताना चाल तयार करून जा, फोनवर केलेलं साधं रेकॉर्डिंग ऐकवा आणि तिथेच विचारा. मराठी कवी सहसा नाही म्हणत नाहीत. मात्र होकार ईमेलवर किंवा सही केलेल्या कागदावर घ्या, आणि कमाईत त्यांचा वाटा किती हेही त्यातच लिहा.

पायरी २: वाटणीचा कागद, चाल लागली त्याच संध्याकाळी

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल, तर ही करा.

एका गाण्यात तीन वेगवेगळ्या मालक्या असतात: शब्दांची, चालीची आणि ध्वनिमुद्रणाची. कायद्याच्या दृष्टीने ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ज्याने ते घडवण्यात पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. मित्राच्या घरच्या स्टुडिओत फुकट रेकॉर्ड केलं असेल, तर पुढाकार कुणाचा आणि जबाबदारी कुणाची, यावर दोघांची उत्तरं वेगळी निघू शकतात. म्हणून एक पान पुरे, पण ते असायलाच हवं. मजकूर साधारण असा:

"गाण्याचं तात्पुरतं नाव. तारीख. शब्द: अमुक, १०० टक्के. चाल: अमुक ७० टक्के, तमुक ३० टक्के. संगीत संयोजन: तमुक, एकरकमी मानधन इतके रुपये, पोचले. ध्वनिमुद्रणाची मालकी: अमुक. गायिका: मानधन इतके रुपये आणि ध्वनिमुद्रणाच्या कमाईत १० टक्के. गाणं जाहिरात, मालिका किंवा चित्रपटाला द्यायचं झाल्यास शब्द आणि चालीच्या सर्व मालकांची संमती लागेल."

खाली सगळ्यांच्या सह्या, आणि कागदाचा फोटो ग्रुपवर. विषय संपला.

खरी अडचण संगीत संयोजकाच्या बाबतीत येते. त्याने गिटारवर सुचवलेला सुरुवातीचा तुकडा ही चाल की संयोजन? मी एकच कसोटी लावतो. गाणं संपल्यावर लोक तो तुकडा गुणगुणत असतील, तर त्याला चालीत टक्का द्या. नुसते कॉर्ड आणि ठेक्याचं रूप दिलं असेल, तर चांगलं मानधन द्या आणि श्रेयनामावलीत नाव ठळक टाका. हे त्याच संध्याकाळी बोलायला पाच मिनिटं पुरतात. गाणं चालल्यावर हेच बोलायला वकील लागतो.

एखाद्या म्युझिक कंपनीचा करार आला तर कॉपीराइट कायद्याचं कलम १९ मुळातून वाचा. हक्क दुसऱ्याला देण्याचा करार लेखी आणि सहीनिशीच लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरतात. म्हणूनच कंपन्या "कायमस्वरूपी" आणि "संपूर्ण विश्व" हे शब्द आवर्जून घालतात. मुदतीचा आकडा स्वतःहून मागा. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करारानेसुद्धा सोडून देता येत नाही. तो फक्त कायदेशीर वारसांकडे किंवा कॉपीराइट सोसायटीकडे (मोबदला गोळा करून वाटणारी संस्था, पायरी ६ पाहा) जाऊ शकतो. "सर्व रॉयल्टी सोडत आहे" असं कुणी लिहून मागितलं, तर त्याच कायद्याचं कलम १८ त्यांना दाखवा.

पायरी ३: घरचं रेकॉर्डिंग

डेमोसाठी स्टुडिओची शिफ्ट घेऊ नका. घरी करा, पण आपल्या घरांचे आवाज ओळखून करा. ठाण्यातल्या खिडक्यांवर पत्र्याचे छज्जे असतात, पावसाचा थेंब पडला की ताशा वाजतो. जून ते सप्टेंबर हा चाली लावायचा काळ समजा, आणि आवाजाचं रेकॉर्डिंग कोरड्या महिन्यांत ठेवा. दिवसभरात दुपारी दोन ते चार ही वेळ सर्वांत शांत. कुकर झालेले असतात, मुलं अजून खाली उतरलेली नसतात. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज नंतर चालू करायला विसरू नये म्हणून घराची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा. बाहेर पडायच्या आधी आठवण होणारच.

खोलीवर काही उपचार केलेले नसतील तर महागडा कंडेन्सर माइक घेऊ नका. तो शेजारच्यांच्या टीव्हीपासून लोकलच्या भोंग्यापर्यंत सगळं टिपतो. शूर एसएम ५८ सारखा डायनॅमिक माइक आणि दोन इनपुटचं साधं ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारं यंत्र) एवढ्यावर उत्तम काम होतं. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवा आणि गायकाची पाठ त्याकडे करा. माइक समोरच्या बाजूने ऐकतो, म्हणून मऊ पृष्ठभाग गाणाऱ्याच्या मागे हवा. बाजूला दोन गाद्या उभ्या करा. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, आणि सर्वांत मोठा सूर उणे १२ डेसिबलच्या आसपास पोचेल इतकाच गेन (माइकच्या आवाजाची वाढ) द्या. हेडफोन बंद कपांचे हवेत, नाहीतर तानपुऱ्याचा आवाज गळून माइकमध्ये शिरतो आणि नंतर तो काढता येत नाही.

आता पेटी. जुन्या पेट्या बऱ्याचदा ४४० हर्ट्झच्या मापावर नसतात, थोड्या चढ्या किंवा उतरलेल्या असतात. नुसत्या पेटी-तबल्यावर गाताना ते जाणवत नाही. पण वर कीबोर्ड आणि गिटार चढवली की सगळं गाणं आंबट लागतं आणि दोष गायकावर जातो. रेकॉर्डिंगआधी फोनवरच्या ट्यूनर ॲपने पांढरी सहा (हाच ४४० चा सूर) तपासा. फरक आढळला तर कीबोर्डचं फाइन ट्यूनिंग पेटीप्रमाणे हलवा, बासरीवाल्यालाही आधी कळवा. पट्टी पक्की झाल्यावर ती सगळ्यांना लेखी पाठवा. तबलजीला काळी एकचा तबला आणायचा की पांढरी पाचचा, हे घरून निघण्याआधी कळायला हवं.

ठेक्याबद्दल माझा आग्रह आहे की आधी क्लिकवर (लय धरून ठेवणाऱ्या यांत्रिक टिकटिकीवर) ढोलकी किंवा तबल्याचा साधा ठेका भरून घ्या आणि गायकाला तो ऐकवा. केरवा-दादऱ्यावर वाढलेला गळा नुसत्या टिकटिकीवर गायला की ताठरतो.

पायरी ४: स्टुडिओ आणि फाइली

तयारी घरी झाली असेल तर आवाज आणि मुख्य वाद्यं एका शिफ्टमध्ये आरामात होतात. शिफ्टचे तास, इंजिनिअरचं मानधन आणि मिक्समध्ये फुकट दुरुस्त्या किती वेळा, हे आधी विचारा.

बाहेर पडताना हे सगळं स्वतःच्या ड्राइव्हवर घ्या: अंतिम मास्टर (प्रकाशनाला तयार फाइल), मायनस ट्रॅक (गायकाच्या आवाजाशिवायचं गाणं), नुसता आवाज, आणि प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल. मायनस ट्रॅक कार्यक्रमात लागतो, आणि जाहिरातवाले नेहमी आवाजाशिवायची फाइल आजच्या आज मागतात. मास्टर फार ठासून भरू नका. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) पातळीवर आणून वाजवतं. त्याहून मोठं केलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं, पण ठासताना चिरडलेला तबला चिरडलेलाच राहतो.

पायरी ५: प्रकाशन

तारीख निदान चार आठवडे पुढची ठेवा. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोअर यांसारख्या कुठल्याही वितरकामार्फत गाणं स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, जिओसावन, यूट्यूब म्युझिकवर एकदम जातं. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं असेल तर प्रकाशनाच्या किमान ७ दिवस आधी, त्यांच्या कलाकारांसाठीच्या खात्यातून. गाणं बाहेर आल्यावर ती सोय बंद होते.

माहिती भरताना घाई नको. भाषा मराठीच निवडा. आपल्याकडे ही चूक सर्रास होते, मग गाणं भलत्याच भाषेच्या यादीत जाऊन बसतं. गीतकार आणि संगीतकाराचं पूर्ण नाव, दरवेळी त्याच वर्णांत. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल. वितरक प्रत्येक ध्वनिमुद्रणाला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक देतो. तो पायरी २ मधल्या कागदावर लिहून ठेवा. उद्या वितरक बदललात तर हाच क्रमांक पुन्हा वापरायचा, म्हणजे गाण्याची जुनी आकडेवारी हातची जात नाही.

कमाईबद्दल भ्रमात राहू नका. स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळत नाही. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सदस्य आणि १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं जाणं (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज) लागतं. गाजलेल्या गाण्याचं कव्हर (तेच गाणं स्वतः गाऊन) टाकलंत तर त्या व्हिडिओची कमाई सहसा मूळ हक्कधारकाकडे वळते. कव्हरने श्रोते मिळवावेत आणि त्यांना आपल्या गाण्याकडे आणावं, इतकाच त्याचा उपयोग. रील्सबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की गाण्याचा सर्वांत चांगला पंधरा सेकंदांचा तुकडा तुम्हीच निवडा.

पायरी ६: आयपीआरएस

गीतकार किंवा संगीतकार असाल तर १९६९ पासून चालत आलेल्या या संस्थेचं सभासदत्व घ्या. तुमचे शब्द आणि चाल रेडिओ, टीव्ही, हॉटेल, कार्यक्रम, ॲप अशा ठिकाणी वाजली तर त्याचा मोबदला ही संस्था गोळा करून वाटते. वितरकाकडून येतो तो ध्वनिमुद्रणाचा पैसा. आयपीआरएसचा पैसा वेगळा आहे, आणि सभासद नसाल तर तो तुमच्यापर्यंत पोचत नाही. सभासद झाल्यावर प्रत्येक गाणं टक्केवारीसह नोंदवावं लागतं, तेव्हा वाटणीचा कागद समोर घेऊन बसा. गायक-वादकांच्या हक्कांसाठी इसम्रा ही वेगळी संस्था आहे.

पायरी ७: सोसायटीचा कार्यक्रम

गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह, वाशीचं विष्णुदास भावे ही नावं मोठी, पण तिथल्या शनिवार-रविवारच्या तारखांवर नाटकांचा हक्क आणि सगळा खर्च तुमच्या डोक्यावर. सुरुवात घाणेकरच्या मिनी थिएटरसारख्या छोट्या जागेपासून करा. रोजची भाकरी मात्र सोसायट्यांचे गणपती, कोजागिरी, दिवाळी पहाट, वर्धापनदिन आणि आगरी-कोळी गावठाणातल्या हळदी यांतून येते. करावे, दिवाळे, घणसोलीतल्या हळदीला वाजवणारा ऑक्टोपॅडवाला लग्नसराईत जे कमावतो, त्याकडे नाक मुरडणाऱ्यांनी एकदा त्याचा हिशोब विचारावा.

बोलणी फोनवर होऊ देत, पण त्याच दिवशी लेखी पाठवा: तारीख, वेळ, किती मिनिटं, किती कलाकार, रक्कम, निम्मा इसार, उरलेली रक्कम कार्यक्रमाआधी, रद्द झाल्यास इसार परत नाही, परवानग्या आणि गाण्यांचे परवाने आयोजकाकडे. उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला पोलिसांची लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ तो बंद. सरकार वर्षातून मोजके दिवस १२ पर्यंत सूट देतं, त्यात आपला दिवस आहे का ते समितीला विचारायला लावा. पत्रिकेवर सातची वेळ असेल तर गाणं साडेसातला सुरू होतं हे गृहीत धरा आणि शेवटचं गाणं पावणेदहाला संपेल असा क्रम लावा. कार्यक्रमाच्या मध्यावर कुणीतरी बक्षीस समारंभ घुसवतोच. त्यासाठी गाळता येतील अशी दोन गाणी आधीच ठरवून ठेवा.

कार्यक्रम बुडतो तो बहुतेक वेळा साउंडमुळे. सोसायटीच्या नेहमीच्या साउंडवाल्याला "गाण्याचा कार्यक्रम" सांगितलं की तो दोन मोठे स्पीकर, एक बास आणि दोन कॉर्डलेस माइक आणतो. म्हणून यादी लिहून द्या. मुख्य आवाज २, निवेदक १, पेटी १, तबल्याला एक आणि डग्ग्याला एक, कीबोर्डसाठी डीआय (वाद्य थेट मिक्सरला जोडणारी डबी) २, गिटारसाठी डीआय १, साइड ऱ्हिदमला १: एकूण १० चॅनेल, म्हणजे मिक्सर १२ चा हवा. शिवाय गायकांसमोर दोन मॉनिटर (त्यांना स्वतःचं गाणं ऐकू यावं म्हणून लावलेले स्पीकर), बसणाऱ्यांसाठी बुटके स्टँड चार, आणि स्पीकर माइकच्या पुढे. काचेच्या भिंती असलेल्या क्लबहाउसमध्ये पेटीचा माइक सर्वांत आधी शिट्टी मारतो. तो भात्याजवळून हलवून सुरांच्या पट्टीच्या बाजूला न्या आणि मॉनिटरमधली पेटी कमी करा. साउंडचेक डग्ग्यापासून सुरू करून आवाजावर संपवा.

नेरूळ-खारघरहून ठाण्याला परतायचं असेल तर शेवटची ट्रान्स-हार्बर कितीला आहे ते आधी पाहून ठेवा. रात्री साडेदहाला कीबोर्ड घेऊन रिक्षा शोधत फिरण्यापेक्षा टेम्पोचे पैसे बोलीत धरलेले बरे.

पायरी ८: पाकीट आणि हिशोब

समजा बोली ६०,००० रुपयांची झाली. साउंड १४,०००, टेम्पो ३,०००, चार साथीदारांना प्रत्येकी ५,००० म्हणजे २०,०००, निवेदक ३,०००, तालमींचा खर्च २,०००. एकूण ४२,०००. हातात १८,००० राहायला हवेत. पण सोसायटी व्यावसायिक मानधनावर १० टक्के टीडीएस कापते आणि खात्यात ५४,००० येतात. बाकीच्यांचे पैसे तुम्ही पूर्ण देता, म्हणजे प्रत्यक्षात हातात १२,०००. कापलेले ६,००० तुमच्या पॅनवर जमा असतात आणि करपात्र उत्पन्न कमी असेल तर विवरणपत्र भरल्यावर परत मिळतात. पण भरलं तरच. यावर दोन उपाय आहेत. साउंडचं बिल साउंडवाल्याच्याच नावाने सोसायटीला थेट द्यायला लावा, म्हणजे तुमच्या नावावर फक्त कलाकारांची रक्कम येते. आणि साथीदारांचे पैसे यूपीआयने देऊन पावती ठेवा, म्हणजे तो खर्च दाखवता येतो. साथीदाराचं पाकीट कार्यक्रमाच्या रात्रीच द्या, सोसायटीचा चेक महिनाभराने येणार असला तरी. ठाण्यात तबलजी एकमेकांना ओळखतात, आणि कोण वेळेवर देतो हे सगळ्यांना माहीत असतं.

सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. शास्त्रीय आणि लोककला सादर करणाऱ्यांना कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर जीएसटीतून सूटही आहे. फ्यूजन किंवा भावगीत त्यात बसतं का, हे सीएला विचारा.

पायरी ९: वर्षाची आखणी

जूनमध्ये नव्या चाली, तबल्याच्या पुडीची (कातडीची) देखभाल आणि माइकच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. जुलैत गणपतीसाठी समित्यांना फोन. दिवाळी पहाटेची पत्रं गणपतीच्या आधी जायला हवीत. गणपती उठले की तलावपाळीच्या आसपासच्या मंडळांची बोलणी संपत आलेली असतात. नोव्हेंबर ते जानेवारी रेकॉर्डिंग, कारण हवा कोरडी असते आणि पेटीसुद्धा साथ देते. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला शाळा, ग्रंथालयं आणि बेलापूर-महाप्याच्या कंपन्या कार्यक्रम शोधत असतात. त्यांच्यासाठी कवितांचा एक तासाचा, तीन कलाकारांचा, दोन माइकवर होणारा कार्यक्रम डिसेंबरातच बांधून ठेवा. पत्रासोबत पूर्ण गाणं जोडू नका. दीड मिनिटाचा, प्रत्यक्ष मंचावर चित्रित केलेला व्हिडिओ जोडा आणि रक्कम पहिल्याच पत्रात लिहा.